सोपाऱ्याची अक्षरे

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आमच्या गावचा एक दगड आहे. एका मोठ्या शिळेचा तो फुटलेला तुकडा. त्यावर ब्राह्मी लिपीतल्या काही ओळी कोरलेल्या आहेत आणि त्या मध्येच तुटल्या आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तो सोपाऱ्यात, भातेला तळ्याच्या परिसरात मिळाला. सम्राट अशोकाच्या चौदा शिलाशासनांपैकी आठव्या शासनाचा तो अंश. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर राजाने मृगयेच्या विहारयात्रा सोडल्या आणि तो संबोधीला गेला, तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या शासनाचा आशय. मजकूर बावीसशे वर्षांपूर्वीचा आहे. पण ब्राह्मीची ओळख करून घेतलेला कोणताही विद्यार्थी त्या दगडासमोर उभा राहून शिल्लक अक्षरे एकेक करून वाचू शकतो.

त्याच गावात, म्हणजे लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आजच्या नालासोपाऱ्यात, माझ्या कपाटात एक सीडी आहे. तिच्यावर २००१ ते २००३ या काळातली एका मित्राशी झालेली संभाषणे आहेत. तो आखातात नोकरीला होता. मी संध्याकाळी विरार लोकलमधून उतरलो की स्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत शिरत असे आणि आम्ही निरोप्यावर, म्हणजे ज्याला सारे जग मेसेंजर म्हणते त्यावर, मराठीत बोलत असू. संभाषण संपले की मी ते फ्लॉपीवर उतरवून घेई. पुढे फ्लॉप्या जाऊन सीडी आली. २००४ च्या पावसाळ्यात तो तिकडेच गेला. पुष्कळ वर्षांनी सीडी उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे आणि प्रश्नचिन्हे यांची रांग उभी राहिली. फाइल शाबूत होती. तिच्यातला एक शब्दही मला वाचता येत नव्हता.

बावीसशे वर्षांचा दगड वाचता येतो आणि वीस वर्षांची सीडी वाचता येत नाही, हे कसे? ‘तंत्रज्ञान लवकर जुने होते’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे, कारण सीडी चालत होती आणि फाइल उघडत होती. हरवले होते ते निराळेच काही. त्याचा इतिहास मराठी अक्षरांच्या चारशे वर्षांच्या प्रवासात विखुरलेला आहे आणि प्रस्तुत लेखात तो जमेल तितका एकत्र मांडायचा आहे.

*

प्रथम दगडाकडे पाहू. सोपाऱ्याचा दगडही एके काळी असाच मुका होता. ब्राह्मी वाचण्याची विद्या या देशातून पार नाहीशी झाली होती. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणवले आणि त्यांवर काय लिहिले आहे ते पंडितांना विचारले. कोणालाही ते सांगता आले नाही. अक्षरे ठसठशीत होती, पाषाण टणक होता, फक्त कोणते चिन्ह म्हणजे कोणता ध्वनी हा करार विसरला गेला होता.

तो करार पुन्हा सापडला १८३७ साली. त्याआधी एक वर्ष लासेनने अगॅथोक्लीस या यवन राजाच्या नाण्यांवरून काही चिन्हे ओळखली होती, कारण त्या नाण्यांवर एकच नाव ग्रीक आणि ब्राह्मी अशा दोन्ही लिप्यांत होते. जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख पाहिले आणि त्याच्या ध्यानात आले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. लोक देवस्थानाला खांब देतात, फरशी देतात. मग शेवटचा शब्द ‘दान’ या अर्थाचाच असणार. ‘दानं’ या शब्दाने ‘द’ आणि ‘न’ मिळाले आणि तिथून कुलूप उघडत गेले.

भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे, म्हणजे गिरनारच्या शिळेच्या सावलीतले. डॉ. भाऊ दाजींसाठी त्यांनी देशभर लेखांचे ठसे घेतले. १८८२ च्या एप्रिलमध्ये ते सोपाऱ्यात बुरूड राजाच्या कोटावर उत्खनन करत होते. लोक ज्याला कोट म्हणत तो स्तूप निघाला आणि त्याच्या पोटातून एकात एक ठेवलेले करंडक, मैत्रेयासह आठ बुद्धप्रतिमा आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे बाहेर आले. त्याच मोहिमेत हा शिलालेखाचा तुकडा हाती लागला. तुकडा अपुरा असूनही तो आठव्या शासनाचा आहे हे ओळखता आले, कारण तेच शासन गिरनारला होते, कालसीला होते, धौलीला होते. आणि शाहबाजगढीला तर ते खरोष्ठी या सर्वस्वी वेगळ्या लिपीत होते. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या शासनाचा तुकडा मिळाला, तोही याच न्यायाने ओळखला गेला.

अशोकाच्या लेखांना ज्या दोन गोष्टींनी तारले त्या पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवाव्यात. एक, अफाट प्रदेशात सर्वत्र चिन्हांचा एकच करार वापरलेला होता, त्यामुळे सांचीला सापडलेली किल्ली सोपाऱ्याला लागली. दुसरी, मजकुराच्या अनेक प्रती होत्या, त्यामुळे एकीतली तूट दुसरीवरून भरता आली.

*

मराठीला परक्या साच्यात बसवण्याचा पेच संगणकाने प्रथम आणला असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांत. स्टीफन्सना देशी अक्षरांत छापायचे नव्हते असे मुळीच नाही. १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भूमीच्या लिपीत पुस्तके निघावीत अशी तळमळ व्यक्त केली आहे आणि अडचणही सांगितली आहे: युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील. मग त्यांनी तडजोड केली. मूर्धन्य ध्वनींसाठी रोमन अक्षर दुहेरी लिहायचे ठरवले. ‘ल’ला एक एल् आणि ‘ळ’ला दोन. चोवीस खणांच्या पेटीत मराठी बसवण्याचा हा पहिला मोठा प्रयोग. तो टिकला, कारण त्याचे नियम ठरलेले होते आणि वाचणाऱ्यांना ते ठाऊक होते.

तारायंत्र आले तेव्हा हीच अडचण पुन्हा उभी राहिली. १८५५ साली हिंदुस्थानात तारसेवा सर्वांना खुली झाली ती रोमन अक्षरांच्या संकेतांवर. स्वातंत्र्यानंतर देवनागरी तारांचीही सोय झाली, तरी सामान्य माणसाच्या लेखी तार म्हणजे रोमन अक्षरे आणि पोटात गोळा. पण याच तारखात्याने एक नामी युक्ती चालवली होती. दिवाळीच्या, लग्नाच्या, परीक्षेतल्या यशाच्या ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिलेले होते. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा, तारेवरून तेवढा आकडाच जायचा आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पूर्ण वाक्य व्हायचे. आकड्याचे वाक्य होऊ शकत होते, कारण दोन्ही टोकांना तीच छापील यादी होती. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. पण संगणकातील अक्षरांचा सगळा व्यवहार ज्या तत्त्वावर चालतो ते तत्त्व आपल्या टपाल कचेरीच्या भिंतीवर कितीतरी वर्षे टांगलेले होते.

*

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे कोणीतरी ठरवावे लागते. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ हे कोष्टक ठरले. सात बिटांचे, म्हणजे एकूण १२८ घरांचे. त्यांतली काही घरे यंत्राच्या आज्ञांना गेली. उरलेल्यांत इंग्रजीची अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसली. बाकीच्या जगाला त्यात जागा नव्हती.

फिनलंडसारख्या देशांनी यावर आपापला तोडगा काढला: चौकटी आणि महिरपी कंसांच्या घरांत स्वतःची टिंबवाली अक्षरे बसवली. १९८८ साली औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने ‘आयआरसी’ ही गप्पांची प्रणाली लिहिली, तेव्हा ही सवय तिच्यात उतरली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या नियमावलीत चक्क असे लिहिले आहे की, ही प्रणाली स्कँडिनेव्हियात जन्मली असल्यामुळे महिरपी कंस हे चौकटी कंसांचे ‘लहान लिपीतले’ रूप समजावे. नालासोपाऱ्यातल्या एखाद्या मुलाने आपल्या टोपणनावात कंस घातला आणि ‘हे नाव आधीच घेतलेले आहे’ असा निरोप त्याला आला, तर त्याचे कारण फिनिश भाषेतल्या दोन-तीन स्वरांत होते. त्याच नियमावलीत एका संदेशाची कमाल लांबी ५१२ बाइट ठरली आणि अक्षरे कोणत्या कोष्टकातली मानायची हे मात्र ठरलेच नाही. बोलणाऱ्यांनी आपसांत काय ते ठरवून घ्यावे!

विरोपाची, म्हणजे ई-मेलची, कथा याहून खडतर. १९८२ च्या नियमानुसार विरोप सात बिटांचाच असे. कोणी आठ बिटांचे अक्षर पाठवले तर वाटेतला एखादा जुना संगणक आठवा बिट कापून पुढे धाडी. याचा मराठीवर काय परिणाम होई हे समजण्यासाठी आधी आपल्याकडच्या कोष्टकाची ओळख करून घ्यायला हवी.

आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी देवनागरी संगणकावर जे काम केले त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र उभे राहिले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्याच्या जोडीने ‘इस्की’ ही भारतीय संकेतप्रणाली घडली. १९९१ साली ती आयएस १३१९४ या क्रमांकाचे राष्ट्रीय मानक झाली. तिची रचना सुंदर होती. खालच्या १२८ घरांत इंग्रजी जशीच्या तशी, वरच्या १२८ घरांत भारतीय वर्णमाला. आणि ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांना मिळून एकच कोष्टक. ‘क’चा आकडा देवनागरीत, बंगालीत, तेलुगूत एकच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे नाते संगणकात पुन्हा नोंदले गेले.

आता समजा, इस्कीत लिहिलेला ‘सोपारा’ हा शब्द जुन्या विरोपाच्या वाटेने गेला आणि प्रत्येक अक्षराचा आठवा बिट छाटला गेला. पलीकडे काय पोचेल? डब्ल्यू, ई, एच्, झेड, ओ, झेड. या सहा अक्षरांत सोपाऱ्याचा मागमूसही नाही. रशियनांनी मात्र या अपघाताचा विचार आधीच करून ठेवला होता. त्यांच्या ‘कोई-८’ या कोष्टकात प्रत्येक रशियन अक्षर असे बसवले आहे की, आठवा बिट गेला तर खाली त्याच ध्वनीचे रोमन अक्षर उरावे. पत्र जखमी होऊन पोचले तरी वाचता येई. इस्कीच्या कर्त्यांनी वर्णमालेचा क्रम राखला, कारण त्यांना शब्दांची अकारविल्हे लावायची होती. दोन्ही निर्णय शहाणपणाचे. पण फुटक्या रस्त्यावरून प्रवास करणाऱ्याला रशियनांचे शहाणपण अधिक उपयोगी पडले.

*

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. सुरुवातीच्या स्वस्त खात्यांवर चित्रे दिसत नसत. काळ्या पडद्यावर नुसता मजकूर. त्या पडद्यावर देवनागरी उमटण्याचा प्रश्नच नव्हता. परदेशी गेलेले मराठी लोक रोमनमध्ये मराठी लिहू लागले, आणि त्यांच्यातल्या काटेकोर मंडळींनी ‘आयट्रान्स’सारख्या पद्धती वापरून ‘न’ लहान लिपीत आणि ‘ण’ मोठ्या लिपीत असा भेद पाळला. चारशे वर्षांनी स्टीफन्सचाच मार्ग! इतरेजनांनी भेद सोडून दिला. ‘ताट’ आणि ‘टाट’ एक झाले, ‘कल’ आणि ‘कळ’ एक झाले. आमच्या गावाचे नाव रोमनमध्ये कुठे एक एल्, कुठे दोन एल् घालून लिहिलेले सापडते, ते याच अनागोंदीचे स्मारक.

मग फॉन्ट आले. ज्याला आपण त्या काळी ‘मराठी फॉन्ट’ म्हणत होतो ती एक सोज्ज्वळ फसवणूक होती. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे राहत. फक्त त्या इंग्रजी अक्षरांचे चित्र बदललेले असे. इंग्रजी ‘के’च्या घरात ‘क’चे चित्र, टक्क्याच्या घरात रफार, कंसाच्या घरात एखादा अर्धा वर्ण. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर निरर्थक इंग्रजी होता. त्याच्या अंगावर मराठीचा अंगरखा होता इतकेच. शिवाय ही घरे वर्णांची नसून चित्रांच्या तुकड्यांची होती. ‘ज’ म्हणजे अर्धा ‘ज’ अधिक काना. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदायची, कारण ती डावीकडे दिसते. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या नंतर, कारण तो तिथे दिसतो. बोलण्याचा क्रम मोडून खिळे जुळवण्याचा क्रम आला.

यात एक व्यवहारी लाभ होता आणि तो नाकारता येत नाही. या फॉन्टांमुळे मराठी छपाई स्वस्त झाली, गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सारे त्यांवर उभे राहिले. पण प्रत्येक फॉन्टचे कोष्टक निराळे होते. ‘शुषा’चे वेगळे, ‘किरण’चे वेगळे, मोठ्या कंपन्यांचे तर एकाच घरातल्या दोन पिढ्यांचेही वेगळे. अशोकाच्या राज्यात गिरनारची किल्ली सोपाऱ्याला चालत होती. १९९८ च्या मुंबईत एका वृत्तपत्राची किल्ली दुसऱ्या वृत्तपत्राला चालत नव्हती. प्रत्येकाने आपला फॉन्ट वाचकाला उतरवून घ्यायला सांगायचे. या काळात संगणकावर जे मराठी लिहिले गेले, त्यातले जे कागदावर उतरले ते वाचले. जे कागदावर कधीच गेले नाही, म्हणजे पत्रे, गप्पा, कच्चे खर्डे, ते सगळे खासगी कोष्टकांच्या दयेवर राहिले.

आमचे निरोपे याच जातीचे. त्याने आणि मी एकच फॉन्ट बसवला होता. स्थानकाजवळच्या एका दुकानातून तो फ्लॉपीवर मिळाला होता. त्याचे नावही धड कोणाला माहीत नव्हते. सायबर कॅफेच्या ज्या यंत्रावर तो असे ते यंत्र रिकामे होईपर्यंत मी बाहेर उभा राही.

*

या गोंधळावरचे उत्तर त्याच काळात तयार होते ही यातली विसंगती. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरी होती; तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या कोष्टकावरून घेतलेली होती. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ रचले, ज्यात जुने इंग्रजी जसेच्या तसे राहते आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांत बसतो. पण कोष्टक असणे आणि पडद्यावर अक्षर उमटणे यांत मोठे अंतर आहे. घरगुती संगणकांवर जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळवणारी यंत्रणा विंडोज २००० आणि एक्सपीपासून रुळली. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत महाजालावर युनिकोडी मराठीचा संसार थाटला गेला.

संक्रमणाच्या त्या वर्षांत एक नवीच लिपी आपण सर्वांनी पाहिली. पाठवणारा यूटीएफ-८ मध्ये लिही आणि घेणारा कार्यक्रम ते पश्चिम युरोपचे कोष्टक समजून वाची. मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार काटे फुटलेले वर्तुळ, पुन्हा तोच ए, पुन्हा तेच वर्तुळ, आणि अधूनमधून जपानी येनचे चिन्ह. जपान्यांनी अशा मजकुराला ‘मोजिबाके’, म्हणजे अक्षरांचे रूपांतर, असे नाव दिले आहे. पण या गारुडात व्यवस्था होती. येनचे चिन्ह यायचे ते दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्या जागी. ‘सोपारा’त ते बरोबर एकदा येते, ‘सो’च्या मात्रेपाशी. म्हणजे हे रूपांतर उलटवता येते. न्याहाळकाला योग्य कोष्टक सांगितले की अक्षरे पुन्हा जागेवर. याउलट, एखादा कार्यक्रम जेव्हा न कळलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून फाइल जतन करतो, तेव्हा मूळ आकडा नष्ट होतो. त्यावर उतारा नाही. पहिला प्रकार म्हणजे न वाचता येणारा शिलालेख. दुसरा म्हणजे छिन्नीने खरवडून काढलेला.

मोबाइलवरही याच व्यवहाराची लहान आवृत्ती चालली. लघुसंदेशाचा देह १४० बाइटांचा. सात बिटांच्या अक्षरांनी त्यात १६० अक्षरे मावतात. देवनागरीला दोन बाइट लागत असल्याने ७०. त्या सात बिटी कोष्टकात ग्रीक मोठी अक्षरे आहेत, स्कँडिनेव्हियन स्वर आहेत, आपले काही नाही. त्यामुळे मराठीतून शुभेच्छा देणाऱ्याला दुप्पट पैसे पडत, आणि पलीकडच्या फोनमध्ये मराठी नसेल तर त्या पैशांत चौकोनांची माळ पोचे. लोक रोमनकडे वळले त्यामागे न्यूनगंड कमी आणि हिशेब जास्त होता.

युनिकोड आल्यावरही मराठीचे सगळे प्रश्न सुटले नाहीत, आणि याचा पुरावा आमच्या गावाच्या नावातच आहे. ‘सोपारा’ लिहिणे सोपे. पण मराठी माणूस ‘सोपारा’ला कधी जात नाही, तो ‘सोपाऱ्याला’ जातो. हा ‘ऱ्य’ रफाराचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. वसईपट्टीत तर दोन्हींची गरज. हिंदीला हा भेद लागत नाही. युनिकोडच्या कोष्टकात यासाठी जो ‘ऱ’ वापरायचा त्याची ओळख द्राविडी भाषांतला विशिष्ट ‘र’ लिहिण्याचे अक्षर अशी दिलेली आहे. मराठीचा उल्लेख त्याच्या अर्ध्या रूपापुरता येतो. अनेकांना ते घर माहीतच नव्हते, त्यांनी साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून तोच आकार उमटवला. डोळ्यांना दोन्ही ‘सोपाऱ्या’ एकच. संगणकाला ते दोन निराळे शब्द. एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचे घर मिळायला २००८ उजाडले.

ब्राह्मी लिपी युनिकोडमध्ये आली २०१० साली आणि मोडी २०१४ साली. अशोकाचे आठवे शासन ज्या अक्षरांत सोपाऱ्याच्या शिळेवर कोरले गेले, तेच आज भ्रमणध्वनीवरून त्याच अक्षरांत कोणालाही पाठवता येते. माझ्या मित्राचा निरोप मात्र तसा पाठवता येत नव्हता.

*

फॉन्ट शोधण्याचा प्रयत्न मी करून पाहिला. दुकान केव्हाच गेले होते. त्या नावाच्या जवळपासचे दोन-तीन फॉन्ट मिळाले, पण त्यांनी वेगळीच अगम्य मराठी उमटवली. शेवटी प्रिन्सेपच्याच वाटेने जावे असे ठरवले. तो प्रत्येक संभाषण ‘काळजी घे’ म्हणून संपवी हे मला आठवत होते. प्रत्येक फाइलची शेवटची ओळ पाहिली. तीच दहा-अकरा चिन्हे पुन्हापुन्हा आली. त्यांत एक चिन्ह तीनदा होते. ते काना असणार: ‘का’मधला एक, ‘ज’चा एक, ‘घ’चा एक. तिथून ‘क’, ‘ळ’, दुसरी वेलांटी, मात्रा. मग ‘मी’, मग ‘आई’, मग ‘ये’ आणि ‘नाही’. आठ-दहा संध्याकाळी गेल्या. भाषा आपली असल्यामुळे शब्द स्वतःहून पुढे येत. कोष्टक भरत आले आणि त्याचा आवाज ऐकू येऊ लागला: घरभाड्याच्या चिंता, वाळूचे वादळ, विरारच्या गाडीची चौकशी.

पण सगळे परत आले नाही. त्या फॉन्टचे काही तुकडे, रफार आणि पुष्कळशी जोडाक्षरे, कोष्टकाच्या वरच्या अर्ध्यात होती. फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना केव्हातरी कोणत्या तरी कार्यक्रमाने त्यांची प्रश्नचिन्हे करून टाकली. ‘स?य’ दिसले तर मागचापुढचा संदर्भ पाहून तिथे ‘सत्य’ आहे हे ठरवता येते. विशेषनामाचे तसे नाही. शेवटच्या संभाषणात एक ओळ आहे: अमुकांना माझा नमस्कार सांग, मी आल्यावर भेटतोच. त्या नावाच्या जागी एक ‘र’, एक काना आणि तीन प्रश्नचिन्हे आहेत. मी तेव्हा तो नमस्कार सांगितला होता की नाही हे आठवत नाही. गावात ज्यांना विचारावे अशी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ‘र’ने सुरू होणारी नावे पुष्कळ आहेत. आठव्या शासनाची तूट गिरनारवरून भरता आली. या ओळीची दुसरी प्रत कुठेच नाही.

शिलालेख छापताना पुराभिलेखतज्ज्ञ एक शिस्त पाळतात. जे अक्षर दगडावर नाही ते कल्पनेने आत सरकवत नाहीत. चौकटी कंस घालतात आणि गेलेल्या अक्षरांइतकी टिंबे देतात, म्हणजे पुढे कोणाला दुसरा तुकडा सापडलाच तर तो नेमका तिथे बसावा. मी सर्व संभाषणे युनिकोडमध्ये उतरवली, फॉन्टचे कोष्टक शेवटी जोडले, कागदावर एक प्रत काढली आणि त्याच्या धाकट्या भावाकडे दुसरी दिली. त्या नावापाशी कंस आहे, ‘र’ आहे, काना आहे आणि तीन टिंबे आहेत.